पार्बताचं तोंड

"आ कर. अजून. पदर काढ ना तोंडावरचा, काही दिसत नाही."

धंतोलीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात डॉक्टर माझ्या बायकोला असं म्हणाला. दवाखान्याचं नाव घेत नाही. साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट असेल. पार्बताला सहावा महिना होता. हिरड्या सुजून लाल झालेल्या. थुंकली की रक्त. भाकर पाण्यात भिजवून गिळायची. मग एक गाल फुगला, डोळा बंद व्हायला आला, तेव्हा मी हमालीचा खाडा करून तिला घेऊन गेलो.

मी दाराबाहेर. पुरुषांनी बाहेर थांबायचं असा तिथला कायदा. पण दार उघडंच होतं, कारण बघणारे पुष्कळ होते. चार-पाच शिकाऊ डॉक्टर. महिला मंडळाच्या दोन बायका, इस्तरीच्या साड्या, नाकाला रुमाल.

डॉक्टरनं तिच्या तोंडाला बोट लावलं नाही. लांबून लाकडी पट्टीनं ओठ वर उचलला. बैल विकत घेताना दात बघतात तसं म्हणणार होतो. पण बैलाच्या तोंडात माणूस हात घालतो.

पट्टीला रक्त लागलं. ती त्यानं बादलीत टाकली आणि पोरांना म्हणाला, "नीट बघून घ्या. असं तोंड पुस्तकातही मिळायचं नाही."

पोरं हसली. रुमालवाल्या बाईनं विचारलं, "याच तोंडानं या बायका मुलांचे मुके घेतात का हो डॉक्टर?"

पार्बतानं तोंड मिटलं.

"मिटू नको. फोटो घ्यायचा आहे."

मी दारातून म्हटलं, "फोटो काहून, साहेब?"

"इलाजासाठी. तू बाहेर हो."

इलाजासाठी म्हटल्यावर माणूस काय बोलणार. पार्बता आ करून बसली. तोंड त्यांच्याकडं, डोळे माझ्याकडं. उजेड चमकला. तिच्या आयुष्यात निघालेला तो पहिला फोटो.

मग एका बाटलीत गुलाबी पाणी दिलं. ते पोटात घ्यायचं की चूळ भरायची, कोणी सांगितलं नाही. नाव कोणी विचारलं नाही. "ए बाई, ऊठ" म्हटलं आणि पुढची बोलावली.

आता ते तोंड तसं काहून झालं, ते सांगतो. पार्बता घाणेरडी बाई नव्हती. आमच्या खोलीतली भांडी अशी चमकायची की शेजारणी टोमणे मारायच्या. लग्न होऊन आली तेव्हा रोज राखुंडीनं दात घासायची. पहिला पोरगा झाला तेव्हा माझ्या आईनं तिची राखुंडी बंद केली. बाळंतिणीचं सगळं अंग कच्चं, दातही कच्चे, घासले तर मुळासकट हलतात, असं आमच्याकडं सगळ्याच म्हाताऱ्या सांगायच्या. सव्वा महिना तोंडात बोट घालू दिलं नाही. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा हिरड्यातून रक्त यायला लागलं. आई म्हणाली, "पायलं? म्या म्हतलं नोयतं?" पुन्हा बंद. ठणका लागला की गुडाखू. तंबाखूचा गोड लगदा, डबीत मिळतो, बोटावर घ्यायचा आणि हिरड्यांना चोळायचा. तेवढ्यापुरतं बधिर होतं. पार्बता दिवसभर बिड्या वळायची, बोटाला तंबाखू, हिरडीला तंबाखू. आईलाही तिच्या सासूनं तेच सांगितलं होतं. आईच्या तोंडात तेव्हा एक दात नव्हता. तरी तिला वाटायचं, आपण सुनेचे दात वाचवून राहिलो.

आम्हाला माहीत नव्हतं. त्या खोलीत ज्यांना माहीत होतं, ते पट्टी घेऊन उभे होते.

सुजलेला गाल आपोआप फुटला. दोन दात पडले, समोरचे. तोंडाचा ठणका जरा कमी झाला. पण बाळंतपणाच्या वेळी पोर आडवं आहे असं सुईण म्हणाली, आणि पुन्हा त्याच दवाखान्यात न्यावं लागलं. फुकटात तेवढंच होतं. रिक्षात बसताना पार्बता म्हणाली, "तिथं नोका नेऊ." मी म्हटलं, "आता तोंड नाई पायनार तुयं." तेवढ्या कळांतही ती हसली. पदराआड.

पोरगी झाली. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला मी पेज घेऊन गेलो. मोठी खोली, दोन्ही बाजूला खाटा. पार्बता भिंतीकडं तोंड करून पडलेली. उन्हाळ्याचे दिवस, आणि बाईनं डोक्यापासून तोंडापर्यंत पदर ओढलेला.

"काय झालं वं?"

पार्बतानं पदर आणखी खाली ओढला. शेजारच्या खाटेवर एका बाळंतिणीची सासू बसली होती. तीच बोलली. "तिले म्हना, माठाले हात नोको लावू. आमाले बी त्यातलंच पानी प्यायचं हाय." मग जरा वाकून, खुशीत, "थे भितीवरचं तोंड हिचंच व्हय ना?"

मी वळून पाहिलं.

समोरच्या भिंतीवर पुठ्ठा टांगला होता, दारापेक्षा थोडा लहान. तोंडाच्या स्वच्छतेचा कुठलासा सप्ताह झाला होता म्हणे, त्यातला. वर फोटो. केवढा मोठा. उचललेला ओठ, सुजलेल्या हिरड्या, काळे दात. नाकाच्या वरचं कापलेलं, डोळे नव्हते. पण खाली हनुवटी होती, आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. ते ठिपके तिच्या आजीनं जत्रेत गोंदवले होते. मी ते अंधारातही ओळखले असते. बाळंतपणाच्या सगळ्या कळा तिनं त्या फोटोसमोर दिल्या होत्या. आणि सगळ्या खाटांवरून बायका आधी भिंतीकडं, मग तिच्याकडं बघत होत्या.

पदराआडून पार्बतानं विचारलं, "काय लिवलं हाये थ्या खाली?"

फोटोवरच लाल अक्षरात लिहिलं होतं, 'अस्वच्छ तोंड'. खाली काळ्या रंगात बरंच काही. मी दुसरीपर्यंत शिकलेला. अक्षराला अक्षर जोडून वाचतो. खोलीभर ऐकू जाईल असं वाचलं, कारण हळू वाचता येत नाही मला.

'गरोदरपणी हिरड्या सुजतात व रक्त येते. भिऊन दात घासणे बंद करू नये. मऊ ब्रशने सकाळी व रात्री हलक्या हाताने घासावे. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्या. तंबाखू, गुडाखू लावू नये. बाळंतपणानंतरही दात रोज घासावे. दातांना काही होत नाही. दुखल्यास डॉक्टरला दाखवावे.'

दाखवलं होतं.

पार्बता उठून बसली. पदर सरकला, तो तिनं सावरला नाही.

"हे मले काहून नाई सांगतलं मंग?"

एवढंच म्हणाली. रडली नाही. मला विचारत होती, पण मी कोण सांगणार. तिच्याच तोंडाखाली लिहिलं होतं, सगळ्या बायकांसाठी. फक्त जिचं तोंड होतं तिला सोडून.

मी समोरच्या खाटेच्या कडेवर चढलो. खिळ्यावरून पुठ्ठा काढला. नर्सबाई ओरडली, आणि तिच्यामागून तोच डॉक्टर आला.

"काय चाललंय? ठेव ते."

"माया बायकोचा फोटो हाये."

"तिचं नाव लिहिलंय का त्यावर? नाव नाही, डोळे नाहीत. मग कसली बदनामी? अरे, हे पाहून बायका शहाण्या होतील."

"नाव तुमी इचारलंच कुठी? अन् शहानं करायचं तं पयले तिले कराचं होतं. थे तं तुमच्या पुढ्यात बसली होती."

"दवाखान्याची वस्तू आहे ती. पोलिसात देईन."

"द्या."

फोटो डिंकानं चिकटवलेला होता. मी वरून नखानं सोडवला आणि ओढला. फाटतानाचा आवाज अजून कानात आहे. हनुवटी, ठिपके, ओठ, सगळं निघालं. खालच्या अक्षरांना मी हात लावला नाही. तो पुठ्ठा पुन्हा त्याच खिळ्यावर टांगला. वर नुसता डिंकाचा डाग, खाली अक्षरं. अक्षरांनी काय बिघडवलं होतं आमचं?

डॉक्टर म्हणाला, "घेऊन जा तुझी बाई. आत्ता."

एका दिवसाची बाळंतीण, कुशीत लेकरू, भर उन्हात सायकलरिक्षानं घरी आणली. फोटो तिनं माझ्या हातातून घेतला, घरी येताच चुलीत घातला आणि जळून काळा होईपर्यंत बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिठाचं पाणी कोमट केलं आणि दात घासायला बसली. आई धावली. "कच्च्या अंगाची बाई, दात हालतीन सारे."

"हालू द्या, आत्याबाई. भितीवर तं नाई लागन मी."

त्या दिवसापासून मरेपर्यंत रोज दोन वेळा घासले. उरलेले दात तिनं टिकवले. पण तोंड परत मिळालं नाही. हसायची पदराआड, जेवायची पाठ फिरवून. फोटोवाला दिसला की आत जायची. पोराच्या लग्नातही एका फोटोत ती नाही. आणि लेकराचा मुका तिनं पुन्हा कधी घेतला नाही. ना पोराचा, ना पोरीचा. रुमालवाल्या बाईनं हसत हसत विचारलं होतं, ती केव्हाच विसरली असेल. आमची पोरगी आता पंचविशीची आहे. पार्बता गेली त्या दिवशी ती मला म्हणाली, "बाबा, मले वाटे मी काळी हाव म्हनून माय मुका नाई घेत." मी तेव्हा सांगितलं तिला सगळं. खूप उशिरा सांगितलं. सांगू नका असं पार्बताच म्हणाली होती.

जाऊन तिला दोन महिने होत आहेत. आमच्या बापानं दीक्षा घेतलेली, म्हणून भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. तिच्या बाजूला पोरानं खिळा ठोकला, आईच्या फोटोसाठी. फोटो तर एकही नाही. मग कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. म्हणाला, "बाबा, थ्या दवाखान्यात निगेटिव असन अजून. पेंटर लोकं त्याच्यावरून बरा चेहरा काढून देतेत."

मी म्हटलं, "थो खिळा रिकामा राहीन."

तो रिकामाच आहे. येणारा-जाणारा विचारतो, मी सांगतो, ही माझी पार्बता. ज्याला कळत नाही त्याला पहिल्यापासून सांगतो. आता लिहूनही ठेवलं.

सुनेला चौथा महिना लागला आहे. हिरडीतून रक्त येतं, परवा मला मोकळेपणानं म्हणाली. उद्या तिला दातांच्या डॉक्टरकडं नेणार. धंतोलीतच. दाखवायचंच, लपवायचं नाही, तिला तसं सांगितलं आहे. आणि हेही सांगितलं आहे की डॉक्टर आधी तुझं नाव विचारेल, तुला काय होतं ते ऐकेल, मग तू तोंड उघडशील. नाव विचारलं नाही तर ओठ हलवायचा नाही. फोटोची मशीन दिसली तर उठून यायचं.

मी सोबत जाणार आहे. पुरुषांनी बाहेर थांबा म्हणतील. या वेळी मी दाराबाहेर थांबणार नाही.