बोंड्याचा डावा हात

आमच्या स्टुडिओत दोन गोष्टी कधी डिलीट होत नाहीत. एक जुन्या फाइली आणि दुसरे किस्से. हार्ड डिस्क भरली म्हणून काही उडवायला घ्यावं, तर कुणीतरी मागून म्हणतंच, "राहू दे ना, लागते कधीतरी." असं करता करता इतके साठलेत, की चहाला बसून एक ओढावा तर चार बाहेर येतात. आता हसून सांगतो, पण घडताना आम्ही हसत नव्हतो, चांगलेच घाबरलेलो होतो. मी सगळ्यांत जास्त. मी मुळातच भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते.

स्टुडिओ म्हणजे अकोल्याच्या जठारपेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक प्रशांतदादा, चित्रं कॉम्प्युटरवर हलवणारा गजू आणि चित्रं काढणारी मी, रोज बडनेऱ्याहून रेल्वेनं येणारी. मुंबईच्या एका कंपनीनं आम्हाला मुलांसाठी कार्टून फिल्म दिली होती. हिरो बोंड्या. कापसाच्या बोंडासारखा गोल, ठेंगणा पोरगा, लाठी फिरवतो. त्याची जादूची लाठी मोडते, गावावर लुटारू येतात, आणि मग त्याला कळतं की जादू लाठीत नव्हतीच. शेवटी अख्खं गाव त्याच्या मागे येऊन उभं राहतं. फिल्म पास झाली तर पुढचं काम, नाहीतर शटर खाली. त्यामुळे लुटारूंना बोंड्याच्या आधी आम्हीच घाबरलो होतो.

* * *

मुंबईच्या कंपनीतल्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला की प्रशांतदादा ताडकन उभा राहायचा. वर्गात इन्स्पेक्शनला साहेब आल्यासारखा. मॅडमना स्क्रीनवर नुसतं त्याचं पोट दिसायचं.

पहिल्या कॉलला मॅडम दहा मिनिटं बोलल्या, सगळ्या सूचना दिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "प्रशांतजी, तेवढं तिसरं बटण लावून घ्या."

दादानं बटण लावलं. बसला मात्र नाही. आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "हात पाय गार पडतात वं माहे. हे काम गेलं तं तुमाले दोघाले मी कोणत्या तोंडानं सांगू?"

* * *

आमची कामाची पद्धत अशी, की आधी खऱ्या माणसाचा व्हिडिओ काढायचा आणि मग एकेक चित्र त्याच्यावरून गिरवायचं. एका सेकंदाला चोवीस चित्रं. त्यात काही लपत नाही. माणसानं पापणी अर्धी मिटली तरी चित्रात ती अर्धी मिटते.

लाठी कुणालाच येत नव्हती. गजू म्हणाला, "त्यात काय हाय?" आणि पोछ्याची काठी घेऊन उभा राहिला. पहिल्या फेरीत ट्यूबलाइट गेली, दुसऱ्या फेरीत पंखा. खालचे भांडीवाले शेठ वर धावत आले, त्यांना वाटलं वर मारामारी चालू आहे.

तरी आम्ही तेच गिरवून मॅडमना पाठवलं. मॅडमचा मेसेज आला. "मुलगा लढतोय की जळमटं काढतोय?"

* * *

मग अमरावतीच्या एका आखाड्यातले वस्ताद आम्हाला कुणीतरी सुचवले. साठी उलटलेली, अंगानं काटक, बोलणं कमी. रोज सकाळी वीसेक पोरापोरींना लाठी शिकवतात. त्यांची एक वेगळीच रीत होती. ज्याला भीती वाटते, त्यानं पहिल्या ओळीत उभं राहायचं. मागे लपायची सोय नाही.

पहिल्या ओळीत आरोही नावाची सात वर्षांची मुलगी कायमची उभी असायची. मी विचारलं, "तुला रोज भीती वाटते?"

"मंग काय," ती म्हणाली. "कालच्या दिवशी नव्हतं लागलं भेव, पण वस्तादले सांगतलंच नाई. इथून बरं दिसते."

वस्तादांनी आमची सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, "हा तुमचा बोंड्या भेते का?"

मी म्हटलं, "नाही हो, हिरो आहे."

"मंग मले नाई जमत," ते म्हणाले. "न भेणारा माणूस म्या आजवर पाह्यला नाई. कसा उभा रायते, मले काय मालूम?"

मी तिथल्या तिथे गोष्ट बदलली. म्हटलं, बोंड्या भितो. मनात आलं, मॅडमना कोण सांगणार?

* * *

शूटिंगच्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी तिचा अर्थ लावला नाही. वस्ताद डावा हात सारखा कमरेच्या पटक्यात खोचून ठेवायचे. लाठी उजव्या हातानंच फिरवायचे. मला वाटलं, ही त्यांची ऐट असेल.

शेवटचा पवित्रा मात्र दोन हातांचा होता. उजव्या हातात लाठी टेकवलेली आणि डावा पंजा समोर, उघडा. वस्ताद त्याला 'थांब' म्हणतात. लुटारूंसमोर बोंड्याला तोच करायचा होता. वस्ताद म्हणाले, "एकदाच करीन. पुन्हा सांगू नोको." केला, आणि हात लगेच पटक्यात गेला.

गजूनं तो पवित्रा मान मोडून गिरवला. मॅडमनी पाहिला आणि फोन केला. दादा उभा.

"बाकी छान आहे. पण हिरोचा डावा हात थरथरतोय. तेवढा बग काढा."

गजू शपथा घ्यायला लागला. "म्या जसं दिसलं तसंच काढलं. कॅमेरा हालला असन." आम्ही मूळ व्हिडिओ लावला. मागची भिंत जागेवर होती. लाठीचं टोक जागेवर होतं. वस्तादांचा चेहरा तर दगडासारखा. फक्त तो एक पंजा हलत होता.

गजूनं व्हिडिओ बंद केला. माणसानं झाकून ठेवलेली गोष्ट आम्ही चोवीस चोवीस चित्रांनी मुंबईला पाठवून दिली होती.

* * *

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला न जाता अमरावती गाठली. काय बोलायचं ते रस्ताभर घोकत होते. वस्तादांनी माझं तोंड पाहिलं आणि पोरांना पळायला लावलं.

"दिसलं का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"दीड वर्स झालं. डॉक्टर म्हंते वाढत जाईन. घरी नाई सांगतलं, इथं नाई सांगतलं." ते मैदानाकडे बघत होते. "मायबापाईनं पाह्यलं तं पोट्टे काढून नेतीन. हात हालते त्याच्या हाती लाठी कोन देईन, बाई? मले दुसरं काईच येत नाई."

एवढा मोठा माणूस, आणि आवाज अगदी लहान झाला होता. मला रडू आलं. म्हटलं, "वस्ताद, मी मिटवून टाकते. कुणाला दिसणार नाही."

"मिटवून टाक," ते म्हणाले.

* * *

गजूनं तीन दिवस बसून बोंड्याचा हात सरळ केला. एकही थरथर शिल्लक नाही. मॅडमना पाठवायच्या आधी वस्तादांना दाखवू, असं दादानं ठरवलं. वस्ताद एसटीनं एकटेच आले, जिना चढले, खुर्चीत बसले. पाहिलं.

"हा कोन हाय?"

"बोंड्या."

"चौकातला पुतळा दिसून राहिला." मग म्हणाले, "पहिला दाखवा."

गजूनं माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. गजूनं जुनी फाइल लावली. ती डिलीट केलेली नव्हतीच, आमच्याकडे कुठे काय डिलीट होतं? लुटारू येतात, बोंड्या पंजा समोर धरतो, पंजा थरथरतो, पण पाय हलत नाहीत. मग मागून एकेक माणूस येऊन उभा राहतो. गर्दी काढायला माणसं नव्हती म्हणून आम्ही स्वतःलाच गिरवलं होतं. गजू होता, मी होते, भांडीवाले शेठही होते, हातात पातेलं घेऊन.

वस्तादांनी तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा पाहताना त्यांचा डावा हात पटक्यातून निसटून मांडीवर आला होता, त्यांना कळलंही नसावं.

"हा राहू द्या," ते उठताना म्हणाले. "पण खाली माह्यं नाव टाकू नोका."

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. बग काढला का, असं विचारलं. आणि तो फोन दादानं बसून घेतला. मी स्वतः पाहिलंय. खुर्चीचे हात घट्ट धरलेले, पण बसलेला.

"मॅडम, तो बग नाही. बोंड्या भितो."

मला वाटलं, शटर पडलं. मग मॅडम म्हणाल्या, "बरं, राहू द्या. आणि प्रशांतजी, तुमचा चेहरा आज पहिल्यांदा पाहिला."

* * *

फिल्म पास झाली. आम्ही टीव्ही घेऊन अमरावतीला गेलो आणि संध्याकाळी आखाड्यातच ती लावली. पोरं पुढे, आईबाप मागे आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, वस्ताद. हात पटक्यात.

मी फिल्म पाहिलीच नाही, त्यांच्याकडेच पाहत होते. 'थांब' आला. तेवढ्यात एक बाप मोठ्यानं म्हणाला, "याचा हात काहून हालते बे?"

वस्तादांनी डोळे मिटले. फिल्म पुढे गेली, गाव उभं राहिलं, पोरांनी ओरडून आखाडा डोक्यावर घेतला. पण ते वाक्य काही माझ्या कानातून जाईना. घरी जाऊन हा बाप बायकोशी बोलेल, बायको शेजारणीशी, आणि कुणाला तरी वस्तादांचा पटका आठवेल. धड झोप लागली नाही. सकाळी पहिल्या रिक्षानं बडनेऱ्याहून आखाड्यात गेले. किती पोरं आली तेच मोजायचं होतं.

सगळी आली होती. आणि सगळीच पहिल्या ओळीत घुसत होती. त्यामुळे एकच लांबच लांब ओळ झाली होती, पार भिंतीपर्यंत. उजव्या हातात लाठी टेकवलेली, डावा पंजा समोर. आणि वीसच्या वीस पंजे थरथरत होते.

आरोही ओळीसमोर फिरून एकेकाचा हात तपासत होती. "लय नोको हालवू. बोंड्याचा एवढा नाई हालत. बोटं सैल सोड."

फाटकात वस्ताद उभे होते. पोरं चेष्टा करताहेत असं त्यांना वाटलं तर?

"हे काय लावलं?" त्यांनी विचारलं.

"थांब," आरोही म्हणाली. "बोंड्याचा. लय अवघड हाय, वस्ताद. रात्रीपासून करून राहिलो, बरोबर येतच नाई."

वस्ताद ओळीकडे बघत राहिले. मग चपला काढल्या, लाठी घेतली, आणि शिकवायच्या जागेवर न जाता ओळीच्या टोकाला, भिंतीपाशी उभे राहिले. पटक्यातून डावा हात काढला आणि समोर धरला.

आरोही त्यांच्यापर्यंत गेली. हाताकडे वाकून नीट पाहिलं, या बाजूनं, त्या बाजूनं.

"हां, आता बरोबर," ती म्हणाली. "तुमाले तं एका खेपेत जमलं."