टेप माझ्या हातात

शहराच्या दुसऱ्या टोकाला, रांझीला जाणाऱ्या बसमध्ये मी मांडीवर मिठाईचा डबा घेऊन बसलो होतो आणि डब्यात हाडांचे सापळे होते. बोटाएवढे, भाले-ढाली घेतलेले, एकेक कापसात गुंडाळलेला. शेजारच्या बाईंनी डब्याकडे बघून विचारलं, "भैया, खोवे की जलेबी है क्या? कहाँ से ली?"

"गोरखपुर से," मी आमच्या भागातल्या बाजाराचं नाव सांगितलं. पंचावन्न उलटलेला, बँकेत लोकांच्या कर्जाच्या कागदांवर सह्या करणारा माणूस रविवारी सकाळी बाहुल्या खेळायला निघालाय, हे सांगण्यापेक्षा जलेबी बरी. नंतर मात्र उतरेपर्यंत जीव टांगणीला लागला. बाईंची नजर डब्यावरून हलेना, आणि बस खड्ड्यात आदळली की आतून भाल्यांचा बारीक खुळखुळाट व्हायचा. जलेबी अशी वाजत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं असणार. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. घरी मुलाला मी "जुन्या मित्राला भेटून येतो" एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण खरंही अर्धंच होतं.

तेव्हा मला लाज वाटत होती ती त्या डब्याची. आता विचार केला की त्या लाजेचा हेवा वाटतो.

मित्र शाळेपासूनचा. दोघांचीही घरं विदर्भातून इकडे आलेली, उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाय टाकला की हिंदी. कॉलेजात असताना त्याच्या आतेभावाने विलायतेहून एक मोठा खोका आणला. त्यात शिशाच्या चिमुकल्या शिपायांच्या दोन फौजा आणि नियमांचं एक जाडजूड पुस्तक. टेबलावर फौजा मांडायच्या, फासे टाकायचे, टेपने इंच मोजून पलटणी सरकवायच्या. एका फौजेत चिलखतवाले घोडेस्वार, दुसरीत कबरीतून उठलेले सापळे. घोडेस्वार त्याने घेतले, कारण खोका त्याच्या आतेभावाचा. नियम इंग्रजीत वाचायचे, भांडण मराठीत आणि शिव्या हिंदीत, अशी आमची वाटणी होती. शिपाई कमी पडले की नळाच्या जोडाला लावतात त्या पुट्टीचे नवे करायचो. त्यातले काही अजून आहेत, आणि ते सापळ्यांपेक्षा आजारी माणसांसारखे दिसतात.

प्रत्येक शिपाई एका चौकोनी पाटावर उभा असायचा. पाट पाटाला लावले की पंगत बसावी तशी पलटण उभी राहायची. सगळ्यात मजा धाव्याची. समोरच्या पलटणीवर धावा बोलायचा असेल, तर आधी नुसत्या नजरेने अंतर ताडून तसं जाहीर करायचं आणि मग टेप लावायचा. अंतर पलटणीच्या ठरलेल्या धावेत बसलं तर भिडायचं. नाही बसलं, तर तुमची पलटण मध्येच उघड्यावर थांबते आणि पुढच्या पाळीत मुकाट मार खाते. माझे धावे नेहमी अर्ध्यात थांबायचे. त्याचा मात्र एकही चुकायचा नाही. लहानपणी कंचे, म्हणजे गोट्या, खेळताना जशी एक डोळा मिटून नजर लावायचा, तशीच टेबलावर लावायचा आणि म्हणायचा, "लाव टेप." मी टेप लावायचो आणि चरफडायचो.

पुढे नोकऱ्या, लग्नं, माझ्या बदल्या. मधेच त्या विलायतेतल्या कंपनीने तो खेळच बंद केला. खेळामागच्या गोष्टीतली ती सगळी दुनिया नष्ट झाल्याचं जाहीर करून गोल पाटांचा दुसरा खेळ आणला. आम्ही खेळणं कधीच सोडलं होतं, तरी दोघांनाही राग आला. आपण टाकून दिलेली वस्तू दुसऱ्याने फेकली की जो येतो, तो राग.

आणि मग इतक्या वर्षांनी तोच खेळ परत आला. तीच दुनिया, तेच चौकोनी पाट. त्याचा फोन आला तेव्हा मला आवाज पटकन ओळखू आला नाही, कारण आदल्या वर्षी त्याला लकवा झाला होता आणि शब्द अजून जड येत होते.

"अबे, आला ना तो परत!"

"कोण?"

"आपला खेळ बे. कंपनीला अक्कल आली. पोरीने नवं पुस्तक मागवून दिलं. तू काय करून राहिला? ये ना रविवारी."

असा मी डबा घेऊन त्याच्या क्वार्टरवर पोचलो. तो फॅक्टरीत ऑफिसात होता, आता लांबच्या रजेवर. ओसरीत त्याची बिनगिअरची स्कूटर जुन्या चादरीखाली उभी होती. डावा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला, पण उजव्याने त्याने जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरून, खाली पुस्तकं सारून टेकड्या केल्या होत्या. वहिनींनी चहा ठेवला आणि घोडेस्वारांकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, या खेळाच्या नादात तरी हे उठून बसले, तर मी या भुतांची पूजा करीन."

नव्या पुस्तकात एक नवा नियम होता. अंतर कधीही, आधीच मोजून घ्यायची मुभा. त्याला तो मुळीच मान्य नव्हता. "मोजून कोण धावा बोलते बे? आपण काय परदे शिवून राहिलो का? अंदाजानेच खेळायचं."

"चलो, तुझा टेबल, तुझा नियम."

"आणि ऐक." त्याने आवाज खाली आणला. "डॉक्टर म्हणते, तुला डाव्या बाजूचं अंतर समजत नाही. म्हणून स्कूटर बंद. ही मला सगळीकडे ऑटोने नेते, पोत्यासारखं. मला पाहायचं आहे. इथे धावे बरोबर आले, तर मी स्कूटर काढीन."

मी हसलो. तो हसला नाही. टेपला दोन हात लागतात, म्हणून टेप माझ्या हातात आला.

पहिला धावा त्याने डाव्या कोपऱ्यातल्या माझ्या सापळ्यांवर बोलला. एक डोळा मिटला, बराच वेळ बघितलं. "पोचतात. लाव टेप." मी वाकून टेप लावला. चार बोटं कमी पडत होतं. चार बोटं म्हणजे थोडक्यात चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. कॉलेजात असा धावा मीही बोललो नसतो. मी मान वर केली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, शाळेत गुणपत्रिका हातात पडताना बघायचा तसा. मी टेपचं टोक अंगठ्याखाली पुढे सरकवलं आणि म्हणालो, "पोचतात."

त्याने उजव्या हाताने टेबलावर थाप मारली. दोन घोडेस्वार आडवे झाले.

लोक याला दया म्हणतील. मीही त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तेच म्हणत होतो. पण दया आली असती तर मी खरं सांगून त्याच्याजवळ बसलो असतो. मला त्याचा उतरलेला चेहरा बघायचा नव्हता, इतकंच. मी माझी सोय बघितली.

दुसऱ्या रविवारी परत डाव्याच बाजूला, परत कमी. आता खरं बोललो तर आदल्या वेळचं काय, असा प्रश्न आला आणि अंगठा आपोआप सरकला. तिसऱ्या रविवारी मी टेप लावला आणि अंगठ्याला कामच उरलं नाही. बरोबर पोचत होतं, केसभरही कमी नाही. मी पुन्हा लावून बघितला. डाव्याच कोपऱ्यात, टेकडीच्या आडून, अवघड धावा होता तो. मला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. पण त्याच्या लेखी हा तिसरा होता, आधीच्या दोन्हींसारखाच. मी त्याच आवाजात म्हणालो, "पोचतात."

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. "भाऊजी, खरंच बरोबर येऊन राहिलं का यांचं? हे रोज स्कूटरची चाबी मागून राहिले."

त्या क्षणी सांगता आलं असतं. फाटकात आम्ही दोघंच होतो. मी आजच्या धाव्याचाच तेवढा विचार केला आणि म्हणालो, "येतंय वहिनी. आज तर एकदम बरोबर."

बुधवारी बँकेत वहिनींचा फोन आला. तो एका उजव्या हाताच्या जोरावर स्कूटर घेऊन बाजारात गेला होता. डाव्या हाताला भाजीचा ठेला, उजव्या हाताला उभा ऑटो. मधून सहज निघेल असं त्याला वाटलं. हँडल ठेल्यात अडकलं. ठेला उलटला, हा खाली आला, टमाटे रस्ताभर. ठेलेवाला आधी ओरडला आणि मग हात बघून बिचारा स्वतःच त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेला.

मी गेलो तेव्हा तो पलंगावर बसला होता. डाव्या हाताला प्लास्टर, गुडघा सुजलेला. म्हणाला, "बरं झालं, गेलेलाच हात गेला." मी हसायचा प्रयत्न केला. वहिनी उशाशी उभ्या होत्या आणि त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. मग तो छताकडे बघत म्हणाला, "मला एकच समजून नाही राहिलं. टेबलावर तर बरोबर येत होतं. रस्त्यावर काहून नाही आलं?"

तो स्वतःला दोष देत होता. डोक्यातलं काहीतरी पुन्हा बिघडलं असं त्याला वाटत होतं, आणि ते तो घाबरून विचारत होता. यापुढे गप्प बसलो असतो तर मी माणसातून उठलो असतो. मी सांगून टाकलं. चपला काढायच्या जागेकडे बघत सांगितलं, हेही सांगायला हवं.

मग त्याने विचारलं, "पहिल्या वेळी किती कमी होतं?"

"चार बोटं."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"तीन असतील."

"तिसऱ्या वेळी?"

"तिसऱ्या वेळी पोचलं होतं. खरंच. मी दोनदा टेप लावला."

तो माझ्याकडे बघत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की त्याला ते खरं मानायचं होतं आणि मानता येत नव्हतं. "आईशप्पथ," मी म्हणालो, पंचावन्न वर्षांचा घोडा, शाळेत म्हणतात तसं. "राहू दे बे," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. लकव्यानंतर त्याची नजर एकदा, एकटीच, शाबूत परत आली होती, आणि तिचा एकुलता साक्षीदार होतो मी, खोटा ठरलेला.

वहिनी फाटकापर्यंत आल्या. "मी चाबी दिली ना भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमचं ऐकून." एवढंच बोलल्या आणि कडी लावली.

मला वाटलं, संपलं. सापळ्यांचा डबा मी माळ्यावर टाकायला काढला आणि टाकवला नाही. दोनेक आठवड्यांनी फोन वाजला. "रविवारी काय करून राहिला? ये. फौज घेऊन ये."

टेबल मांडलेलं होतं. मी सवयीने टेपकडे हात नेला, तर टेप तिथे नव्हता. तो वहिनींच्या हातात होता. चष्मा लावून, पदर खोचून त्या टेबलाच्या टोकाला उभ्या होत्या. "मला शिकवलं यांनी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

त्याने धावा बोलला. वहिनींनी टेप लावला. "नाही पोचत. लई कमी आहे."

त्याचा चेहरा उतरला, मी ज्याला भीत होतो तसाच. आणि मग काहीच झालं नाही. त्याने मान हलवली, "अच्छा," म्हणाला आणि घोडेस्वार उघड्यावर उभे केले. मी त्यांना मारलं. पुढचा धावाही चुकला, त्याच्या पुढचाही. दुपार होत आली तेव्हा डाव्या कोपऱ्यावर त्याने पुन्हा एक डोळा मिटला. वहिनींनी टेप लावला, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "पोचते."

"खरं?" त्याने वहिनींना विचारलं.

"मला काय पडलंय खोटं बोलायचं? माझ्याकडून तर तुमचे सगळेच घोडे मेले तरी चालेल."

तो हसायला लागला, अडखळत, एका बाजूने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वहिनीही हसल्या. मीही हसलो असतो, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. फासे पडले आणि माझी पुढची पंगत मेली. मेलेले शिपाई ज्याचे त्याने उचलायचे, हा आमचा जुना रिवाज. मी हात पुढे केला.

"तू राहू दे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "किती मेले ते ती मोजेल, आणि तीच उचलेल."

मी हात मागे घेतला. वहिनी एकेक सापळा मोजून माझ्या डब्यात ठेवू लागल्या.