चाळीस किलोमीटरवरचा आकडा

बोरसे सरांची आणि माझी पहिली भेट धुळ्याच्या कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागाच्या जिन्यात झाली. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मार्गदर्शक हवे आहेत, असं मी त्यांना सांगितलं.

सरांनी विचारलं, "तू आत्ता किती उंचीवर उभी आहेस?"

"पहिल्या मजल्यावर."

"समुद्रापासून विचारतोय."

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रेल्वे स्टेशनच्या पाटीवरची उंची उतरवून आणली. सर म्हणाले, "हे स्टेशनचं झालं. जिन्याचं?"

त्यांनी मला स्वीकारलं की नाकारलं, ते कळलं नाही. आठवड्याने विभागाच्या फळ्यावर सरांच्या नावाखाली माझं नाव दिसलं. सरांच्या बाबतीत मला गोष्टी बहुधा अशा उशिरा समजल्या. काही अजून समजलेल्या नाहीत. त्यांच्या साठीनिमित्तच्या ग्रंथात लिहिताना हे आधी सांगणं मला बरं वाटतं.

सरांचं काम होतं जमिनीपासून अठ्ठेचाळीस किलोमीटरपर्यंतची हवा संगणकावर मांडण्याचं. चार-चार किलोमीटरचे बारा थर धरायचे. प्रत्येक थराला खालून, वरून आणि उन्हातून किती उष्णता मिळते, तो किती बाहेर टाकतो, यावरून त्याचं तापमान काढायचं. कॉलेजात तेव्हा एकच संगणक होता. तो हाती येण्याआधी सर हे गणित माणसांकडून करून घेत. प्रत्येक बाकाला एखाददुसरा, कुणाला चारही थर वाटून दिलेले असत. एका बाकाच्या उत्तराची चिठ्ठी पुढच्या बाकावर जाई, तिथली मागे येई, आणि आकडे बदलायचे थांबेपर्यंत हे चालू राही. प्रयोगशाळा सांभाळणारे रज्जाकभाई दारातून डोकावून विचारत, "सर, आज आभाळात कोण गैरहजर?"

"सातवा थर."

"तरीच म्हटलं, पाऊस कुठं अडकला!"

"पाऊस तिथवर जात नाही, रज्जाकभाई," असं सर गंभीरपणे सांगत.

सरांचा एक नियम होता. उत्तर काय यायला हवं, ते आधी सांगायचं नाही. "उत्तर माहीत असलं की पोरं गणित तिकडे ओढत नेतात," असं ते म्हणत. त्यामुळे उंचीप्रमाणे तापमान कसं बदलतं, याचा आलेख आम्ही कधी पाहिला नव्हता.

मी सोनगीरहून येऊन-जाऊन करत असे. संगणकावर रोज पहिली पाळी सरांनी मला दिली होती. ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी तक्रार केली, तेव्हा सरांनी संगणकाच्या वर भिंतीला सोनगीरच्या गाड्यांचं वेळापत्रक चिकटवलं.

वरचे चार थर माझ्याकडे होते. चिठ्ठ्यांच्या फेरीत माझं गणित विचित्र येऊ लागलं. वर जावं तशी हवा थंड व्हायला हवी, तर माझ्याकडे ती तापत होती. तोरणमाळला जाऊन आलेलं लहान मूलही सांगेल की उंचावर गारठा असतो. मी तीनदा तपासलं. शेवटी ओझोन वायू ऊन किती शोषतो, त्याचा सरांनी दिलेला रकानाच चुकीचा उतरला असणार, असं मी ठरवलं आणि तो शून्य केला. आकडे निमूटपणे खाली आले. तोच तक्ता मी संगणकात भरला.

त्यानंतर काही महिने सर आपलीच सूत्रं पुन:पुन्हा तपासत होते. ते काय शोधतात, ते सांगत नव्हते. मी विचारलं नाही. माझा तक्ता त्यांनी उघडला नाही. "तिच्या आकड्यांत चूक नसते," असं ते म्हणत.

पुढे जळगावला प्राध्यापकांचं चर्चासत्र झालं. सरांनी हे काम तिथे मांडलं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतले तज्ज्ञ समोर बसले होते. त्याच संस्थेत मी संशोधनासाठी अर्ज केला होता आणि पुढच्या महिन्यात हेच गृहस्थ माझी मुलाखत घेणार होते. त्यांनी विचारलं, "चाळीस किलोमीटरवर ओझोनमुळे हवा तापलेली असते. तुमच्याकडे ती कुठे आहे?"

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते.

सर म्हणाले, "दिसायला हवी. दिसत नाही. का, ते मला समजलेलं नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "बोरसे, तुमच्या आभाळाला गोधडी द्या!" सभागृह हसलं. सरही हसले.

मला सोनगीरची गाडी मिळावी म्हणून आम्ही दुपारीच धुळ्याच्या एस.टी.ने निघालो. एरंडोल जवळ येईपर्यंत मी हिशेब करत होते. बोलले तर पुण्याची जागा जाईल. न बोलले तर सर आणखी काही महिने सूत्रं तपासतील.

"सर, ओझोनचा रकाना मी शून्य केला होता."

"का?"

"वरचे थर तापत होते."

"आधीचे आकडे आठवतात?"

मी चारही सांगितले. सरांनी ते वर्तमानपत्राच्या कडेला लिहिले, मान तिरकी करून पाहिले आणि अहिराणीत ओरडले, "हाऊ आकडा बरोबर शे, पोरी!" पुढच्या बाकावरच्या बाई दचकून वळल्या.

एरंडोलला सर उतरू लागले. कंडक्टर म्हणाला, "आबा, तिकीट धुळ्याचं आहे तुमचं."

"धुळं कुठं पळून जातंय?" सर म्हणाले आणि रस्ता ओलांडून जळगावची गाडी पकडायला गेले. ते माझ्यावर रागावले आहेत की खूश आहेत, ते मला धुळं येईपर्यंत ठरवता आलं नाही.

मुलाखतीत तज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चाळीस किलोमीटरवरचा थर तुम्हाला आधी तापलेला मिळाला होता?"

"हो."

"मग?"

"मी आकडे बदलले."

"बोरसे त्या संध्याकाळी परत येऊन व्यासपीठावर काय म्हणाले, माहीत आहे? म्हणाले, 'मुलीचं उत्तर बरोबर होतं. त्यावर विश्वास ठेवायला मी तिला शिकवलं नाही.' पुन्हा असा आकडा आला तर काय कराल?"

"आधी तुम्हाला दाखवीन."

मला जागा मिळाली. सरांना भेटून मी विचारलं, "सर, ती माझी शिफारस होती की तक्रार?"

"हकिगत होती," ते म्हणाले.

आता तरी सर उत्तर आधी सांगत असतील, असं मला वाटलं होतं. सांगत नाहीत. फक्त आता मुलांनी खोडलेल्या चिठ्ठ्याही मागून घेतात.

संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला सुचवलं, "स्वतःची चूक छापता कशाला? सरांच्या मोठेपणावर दोन परिच्छेद लिहा." मी ते लिहून पाहिले. चांगले उतरले होते, पण घडलेलं त्यांत नव्हतं. ते काढून टाकले आणि घडलं तसं इथे दिलं आहे. सरांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो, ही माझी मनापासूनची इच्छा. या लेखात माझं काही चुकलं असेल, तर ते त्यांनी लगेच सांगू नये. मी शोधून काढीन आणि घेऊन येईन.