पायरीच्या अलीकडं दोन हात

"हलगी रांगोळीपर्यंत. त्याच्या पुढं नको."

संगीत विभागाच्या सरांनी बोटानं दाखवलं. कॉलेजच्या हॉलला सात पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीच्या तोंडाशी पोरींनी रांगोळीचा पट्टा काढला होता. "गेटपासून पाहुण्यांना वाजवत आणा," सर म्हणाले. "इथं थांबा. मग मागच्या बाजूनं जा. चहा तिकडं ठेवलाय."

मी म्हणालो, "सर, माझी रंजना आत हाय."

"म्हणून तर तुम्हाला सांगितलं. दुसरे हलगीवाले नव्हते का?"

हे ते हसून म्हणाले. उपकार केल्यासारखं. मीबी हसलो. तोंड माझं होतं, पण हसणं माझ्या बापाचं.

रंजना माझी एकुलती लेक. लातूरच्या त्या कॉलेजात संगीत घेऊन बी.ए. करत होती. त्या दिवशी स्नेहसंमेलन होतं. लेक आत तंबोरा लावत बसली होती, आणि बाप बाहेर हलगी शेकत होता.

हलगी वाजवणारा पाहुण्यापुढं उलटा चालतो. पाहुण्याकडं तोंड करायचं आणि वाजवत मागं मागं सरकायचं. त्याला पाठ दाखवायची नाही, असा दस्तूर. मागं काय आहे ते डोळ्याला दिसत नाही, टाचेला कळतं. संस्थेचे अध्यक्ष आले, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. त्यांच्यासंगं बाहेरगावचा मोठा पाहुणा. मी वाजवत मागं आलो आणि थांबलो. ते दोघं माझ्या बाजूनं निघून पायऱ्या चढून गेले. वाटेत खांब असतो तसा मी. मग मी मागच्या बाजूनं गेलो. चहा प्यालो.

संध्याकाळी रंजना घरी आली. ताटावर बसंना.

"बा, मी खिडकीतून बघत होते."

"मग?"

"सर रांगोळीपर्यंत म्हणले होते. तुमी दोन हात अलीकडंच थांबलाव."

खरं होतं. मला मागं डोळे नव्हते. कुणी थांब म्हणून वरडलं नव्हतं. टाच आपली आपण थांबली. सरांनी मला सात पायऱ्या बंद केल्या. पण ते दोन हात मी माझे मीच सोडून दिले होते.

सरांनी केलेली बेइज्जती मी पचवली असती. जन्मभर तेच केलं. ही दोन हातांची गिळंना.

आम्ही मांग. औशाच्या पुढं आमचं गाव. मारुतीच्या देवळाला तीन पायऱ्या, पाटलाच्या घराला पाच. लग्न असो, वरात असो, आमची हलगी पायरीशी संपायची. बापानं मला ताल मागून शिकवला. आधी थांबायला शिकवलं. झोपडीपुढं एक धोंडा ठेवायचा आणि मला उलटं चालवायचा. टाच धोंड्याला लागली की पोटरीवर काडी. "माझी काडी बरी," म्हणायचा. "पाटलाच्या दारात लागली तर पाठ सोलून निघंल." मी सात-आठ वर्षांचा असेन. महिनाभरात धोंडा दोन हात लांब असतानाच माझी टाच थांबायला लागली. बापानं डोक्यावरून हात फिरवला. त्यानं मला कधी शाबासकी दिली असेल तर ती एवढ्यासाठी.

मग भूकंप झाला. पहाटेच्या धक्क्यात दगडमातीची मोठमोठी घरं जागच्या जागी बसली. आमची घरं कुडाची. ती वाकली, पण पडली नाहीत. म्हणून आम्ही जगलो. मी हलगी उचलली आणि ढिगावर चढलो. वाजवायचं आणि थांबायचं. थांबून दगडाला कान लावायचा. खालून कुणी ठोकलं की तिथं उकरायचं. पाटलाच्या घराच्या ढिगावर मी उभा होतो. पाच पायऱ्या माझ्या पायाखाली कुठं गाडल्या होत्या, कुणाला ठाऊक. उन्हं वर आली तेव्हा पाटलाची आई निघाली. तोंडात माती. माझी बायको सोजर, हिनं तिच्या तोंडाला तांब्या लावला. म्हातारी घटाघटा प्याली. तू कोणाची, विचारलं नाही.

पुढं आम्ही सगळे पत्र्याच्या शेडात राहिलो. एका रांगेत. त्यांची कढी आमच्याकडं, आमची भाकर त्यांच्याकडं. मला वाटलं, एवढी माणसं गिळून धरणीनं एक तरी काम चांगलं केलं.

मग नवं गाव बसलं. सिमेंटचं. पाटलाच्या नव्या घरालाबी पायऱ्या केल्या. सोजर हौसेनं घर बघायला गेली. म्हातारी दारात बसली होती. "तिथंच थांब गं सोजर, आताच पुसून घेतलंय."

सोजर घरी आली आणि चुलीपुढं बसली. म्हणाली, "मपल्या हातचं पाणी पिली, तवा काय पुसायचं ऱ्हायलं होतं का?"

त्याच आठवड्यात आम्ही लातूरला आलो.

तेव्हा लातूरला क्लासेसचं पीक आलं होतं. भिंतीवर, रिक्षावर, लाइटच्या खांबावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. मी एका क्लासच्या गेटवर राखणीला लागलो. सोजर मेसमध्ये भांडी घासायची. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांची ताटं. सोड्यानं तिच्या बोटांची सालं निघायची.

रंजनाला गळा सोजरचा. क्लासच्या शेजारीच ते कॉलेज. सगळं शहर पोरांना डॉक्टर-इंजिनिअर करायला निघालेलं. संगीताला पोरं कुठून येणार? विभाग बंद पडायची पाळी आली, तेव्हा सर दारोदार फिरले. त्यात माझी लेक सापडली. क्लासचे मालक मला म्हणाले, "पोरीला गाणं शिकवून काय करणार रे? तू पुढं वाजव, ती मागं गाईल. बँडची सोय झाली." मास्तर लोक हसले. मी गेट उघडलं. ते गाडीत बसून गेले.

सर मन लावून शिकवायचे. खोटं बोलणार नाही. सकाळी सातला तिला सा लावायला बसवायचे. तिचा स्वर लागला की त्यांचे डोळे मिटायचे. पण माणूस डोळे मिटून ऐकतो ते निराळं आणि उघडून बघतो ते निराळं.

शेवटच्या वर्षी तिची गाण्याची परीक्षा होती. हॉलमध्ये, स्टेजवर, लोकांसमोर. परीक्षक बाहेरून येणार. आधी राग गायचा, त्याला कॉलेजचा तबला. मागून दहा मिनिटं आपल्या पसंतीचं, त्याला साथ करणारा आपला आपण आणायचा. रंजनानं सोजरची हळदीची गाणी घेतली. आणि साथीला माझं नाव लिहून दिलं.

सरांनी तिला बोलावून घेतलं. त्यांचं काय बोलणं झालं ते तिनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

"हलगी स्टेजवर बरी दिसत नाही, रंजना. वडिलांना पडद्याआड बसव. आवाज काय, येतोच."

"सर, तबला दिसतो तिथं हलगीबी दिसंल."

"तबल्याला घराणं असतं."

"हलगीलाबी हाय सर. मपलं घराणं शेजारच्या क्लासच्या गेटवर बसलंय. बोलावू का?"

सर म्हणाले, "साथ पडद्याआडून नसेल तर मला परीक्षकांना कळवावं लागेल. तीन वर्षं पाण्यात घालू नकोस."

मी लेकीला म्हणालो, "आडून वाजवतो. काय बिघडतंय? तुझा कागद तर हातात पडंल."

सोजर बोलली. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता.

"अवं, पाय कुणाचं हायत? तुमचं का पाटलाचं?"

परीक्षेच्या दिवशी उन्हाळा लागला होता. हॉलमध्ये मोठे कूलर फिरत होते. कूलरच्या दमट हवेनं हलगीचं कातडं ढिलं पडतं. वाजवायच्या तोंडावर शेकलं नाही तर हलगी पुठ्ठ्यासारखी बोलते. सर पायऱ्यांवर उभे होते. म्हणाले, "आवारात जाळ करायचा नाही. गेटबाहेर शेकून आणा. आणि आत आलात की पडद्याच्या मागं खुर्ची ठेवली आहे."

गेटबाहेर शेकून हॉलात पोचेपर्यंत हलगी निवली असती. त्यांना ते ठाऊक नव्हतं, का ठाऊक होतं, मला सांगता येत नाही.

मी घमेलं आणलं होतं. पहिल्या पायरीला लावून ठेवलं. तिथंच, जिथं रांगोळी होती. खिशात क्लासच्या जाहिराती होत्या, रोज पाच-पन्नास गेटवर पडायच्या. त्या घमेल्यात टाकल्या आणि काडी लावली. फोटोतली पोरं जळायला लागली. वाईट वाटलं. कुणाची तरी लेकरंच ती. पण हलगीला जाळ पाहिजे.

"हे काय चालवलंय?" सर म्हणाले.

"सर, तबला हातोडीनं लावतेत. हलगी जाळानं लावतेत. लावल्याबिगर वाद्य धरू नये, असं तुमीच पोरीला शिकवलंव."

कातडं तापलं. बोटानं टिचकी मारली, टण्ण बोललं. मी पायरीवर पाय ठेवला. दुसरीवर ठेवला. तिसरीवर पाय उचलंना. समोर कुणी आडवं नव्हतं, सर तर बाजूला झाले होते. पोटरीवर काडी बसेल असं वाटलं. खरंच वाटलं. चाळीस वर्षं झाली होती बाप मरून.

मागून सोजर आली. मेसमधून तशीच, पदर ओला. म्हणाली, "चला की. तिकडं भांडी पडल्यात माझी."

मी चढलो.

पडद्यामागच्या खुर्चीला वळसा घालून स्टेजवर रंजनाच्या उजव्या अंगाला बसलो. तिचा राग गाऊन झाला होता. तिनं हळदीचं गाणं काढलं. एक ओळ म्हणाली आणि थांबली. मला वाटलं, विसरली. ती दाराकडं बघत होती. सोजर दारात उभी. आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि मला पाय कुणाचे म्हणून विचारणारी बाई उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला चिकटून.

रंजना माईकवर म्हणाली, "आये, आत ये. म्होरल्या रांगंत बस. तवर मी म्हणत न्हाई."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. पोरं मागं वळून बघायला लागली. सोजर एकेक पाऊल टाकत आली. पहिल्या रांगेत आप्पांसाठी राखलेली खुर्ची होती, तिच्यावर पांढरं कापड. नेमकी त्याच खुर्चीवर बसली. ओले हात मांडीवर धरून.

मग रंजना गायली आणि मी वाजवलं. बंद हॉलात हलगी मी पहिल्यांदा ऐकली. खिडक्यांच्या काचा बोलत होत्या.

परीक्षक एवढंच म्हणाले, "हे अभ्यासक्रमात कुठं बसतं?" रंजना जेमतेम पास झाली. पुढच्या शिक्षणासाठी सरांची शिफारस पाहिजे होती, ती त्यांनी दिली नाही. टाळ्या पडल्या, हार घातला, असलं काही झालं नाही. जाहिराती जाळल्या म्हणून क्लासच्या मालकांनी मला गेटावरून काढलं. आज रंजना नांदेडला एका खोलीत पोरींना गाणं शिकवते. हलगीबी शिकवते. दोनच पोरी येतात हलगीला.

दीड महिना झाला, सोजर गेली. छातीत पाणी झालं होतं. शेवटी-शेवटी तिची बोटं मी हातात धरून बसायचो. सालं निघालेली, नखं झिजलेली. ती बोटं आठवली की मला भाकर जात नाही. घरात बोलायला कुणी नाही. मी भिंतीवरच्या हलगीकडं बघत बसतो.

आमच्यात मयताच्या पुढं हलगी असते. पण खांदा देणाऱ्यानं वाजवायची नाही. सोजरला उचलायच्या वेळी रंजनानं खिळ्यावरची हलगी काढली. माझा मेव्हणा म्हणाला, "बाईमाणसानं? लोक काय म्हणतेल?"

"मामा, धरायची तर तिरडी धरा. मला धरू नका."

ती पुढं निघाली. मयताच्या पुढं उलटं चालत नाहीत. मेलेल्या माणसाला पाठ दाखवली तर चालते, म्हणून सरळ चालतात. मी मागं खांदा देऊन होतो. लेकीची पाठ दिसत होती, ताठ. मी जन्मभर जित्या माणसांपुढं मागं मागं सरकलो. सरळ चाललो ते मढ्यापुढं.

मागच्या आठवड्यात कॉलेजातून माणूस आला. नवे सर आहेत, तरणे, बोलायला गोड. संस्थेला बरीच वर्षं झाली, मोठा कार्यक्रम आहे. "काका, मावशी गेल्याचं कळलं. वाईट झालं. पण तुमच्याशिवाय कोण? गेटपासून पायरीपर्यंत, पाचच मिनिटं. शाल देणार आहोत आम्ही."

मी म्हणालो, "येतो."

त्यांना बरं वाटलं. चहा न पिता गेले.

मी जाणार आहे. रंजना नांदेडहून येणार आहे. घमेलं पायरीला लावून ठेवीन, हलगी तिथंच शेकीन. गेटवर पाहुणा उतरला की त्याच्याकडं पाठ करीन आणि पुढं बघत चालीन. रांगोळी येईल, ती पायाखाली जाईल. सात पायऱ्या आहेत. तिसरीवर आता चला म्हणायला सोजर नाही, तरी थांबणार नाही. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर तिचं लुगडं घडी करून ठेवीन, आणि ते उचलायला कुणी आलं तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल.

पाहुण्याला यायचं असेल तर तो हलगीच्या मागून येईल.