आजीने पुढे केलेला हात

सिहोऱ्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांमधल्या एका लहानशा दवाखान्यात मी सिस्टर आहे. नव्याने आलेल्या वंदनाला मी शिकवत होते, आणि सगळं वाया चाललंय असं मला वाटू लागलं होतं. बाकी कामात ती चोख. पण सलाईनसाठी शीर शोधायची वेळ आली की तिचे हात थरथरायचे. एका तान्ह्या बाळाला तिने पुन्हा पुन्हा टोचलं होतं. ते रडणं तिच्या बोटांत राहून गेलं होतं. मी हात धरून शिकवलं, रबरी नळीवर सराव करून घेतला. शेवटी तीच म्हणाली, "ताई, मले नाही जमत. मी घरी जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पाळीवर इतकं धुकं होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं, कळत नव्हतं. पाळीवरच्या देवीसमोर थांबले. काय मागावं तेही सुचेना. "माय, माह्यानं होत नाही आता. तूच पाहा," एवढंच म्हटलं.

दवाखान्यात आंबागडकडची एक म्हातारी निजली होती. जुलाबांनी सुकलेली, शिरा खोल गेलेल्या. मुलगा उशाशी काळजीत उभा, अजून घरी न गेलेली वंदना पायाशी. मी सुई घेऊन पुढे झाले, तर आजीने हात मागे घेतला आणि वंदनापुढे केला. "हिले लावू दे."

"आजी, माहा हात थरथरते," वंदना म्हणाली.

"थरथरू दे. माहाही थरथरून राहिला. दोघी मिळून लावू."

पहिल्यांदा शीर निसटली. आजी कण्हली नाही. मोकळ्या हाताने वंदनाची पाठ थोपटत राहिली, लेकराला निजवावं तशी. खिडकीतून धुक्याचा पांढरा उजेड दोघींवर पडला होता. मला पुढे व्हावंसं वाटलं, पण पाय उचलेना. सगळं कुठेतरी दूर, पाण्याखाली चाललंय असा भास होत होता. मग दुसऱ्या खेपेला सुईमागच्या नळीत रक्ताचा लाल थेंब दिसला, शीर सापडली होती, आणि वंदनाने रोखलेला श्वास सोडला.

दुपारी आजी उठून बसली. मी विचारलं, "आजी, हिलेच काहून म्हटलं?"

"काय मालूम, बाई. डोळे उघडले तं हीच दिसली."

याला कुणी योगायोग म्हणेल, माझी हरकत नाही. मी मात्र मनोमन कृतज्ञ आहे. आपलं सगळं करून झालं की बाजूला उभं राहणं, हीसुद्धा सेवाच असते, हे मला त्या दिवशी उमगलं.

परवा एक लहान लेकरू आलं, पार गळून गेलेलं. मी व्हरांड्यात त्याच्या आईजवळ बसून राहिले.

"सिस्टर, तुम्ही नाही जात का अंदर?" तिने घाबरून विचारलं.

"वंदना आहे ना," मी म्हणाले.