ड्युटी लिस्टीतून माझं नाव गेलं त्याची गोष्ट

माझी फजिती मीच सांगते. दुसऱ्या कुणाकडून ऐकाल तर तो त्यात आपला मसाला घालेल, आणि खरं सांगते, मसाल्याची गरजच नाहीये!

मी मेडिसिनची रेसिडेंट, दुसरं वर्ष. म्हणजे डॉक्टर आहे, पण अजून शिकतेय. राबायचं मात्र पूर्ण डॉक्टरसारखं. घर कोरगावला. गेल्या काजूच्या हंगामात आईचं पिशवीचं ऑपरेशन ठरलं, आमच्याच हॉस्पिटलात. बाबा काजूच्या बागेत अडकलेले, ते येणार दुपारच्या बसने. मग सकाळी आईजवळ कोण? मी. माझ्याशिवाय तिला आहेच कोण?

म्हणून मी मंगळवार ते शुक्रवार, चार दिवसांची रजा मागितली. अर्ज आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या हातात दिला. मॅडम नार्वे गावच्या, साठीला टेकलेल्या, बोलायला फार कंजूष. त्यांनी अर्ज वाचला, पेपरवेटखाली सरकवला आणि म्हणाल्या, "सात नंबरचा पेशंट बघ."

हो नाही, ना नाही! ह्या मोठ्या माणसांना एक वाक्य पुरं बोलायला काय होतं, मला कळत नाही.

सोमवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, आईचं ऑपरेशन झालं. मंगळवारी ड्युटी लिस्ट लागली, बघते तर माझं नावच नाही. म्हणजे होतं, पण खोडलेलं. खोडरबराचा डागसुद्धा दिसत होता!

आता तुम्ही असता तर काय समजला असता? मी समजले, मला काढलं. आईसाठी चार दिवस मागितले म्हणून काढलं!

ऑफिसातल्या शिरोडकर काकांकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मॅडमनी काढलां. तांकांच विचार मगो."

विचारायला काय जात होतं? केबिन दहा पावलांवर होती. पण मी विचारत नाही हो, मी जाब विचारते! आणि जाब विचारायचा तर तो लेखी.

लायब्ररीत बसून तीन पानी अर्ज लिहिला, थेट डीनना. शिकणारा डॉक्टर माणूस नाही का? त्याला आई नसते का? घरच्या आजारपणात रजा घेतली की पगार कापायचा आणि वर तेवढे दिवस जास्त भरून घ्यायचे, हा कुठला न्याय? लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, इतकं छान लिहिलं होतं.

डीन मिटिंगमध्ये होते. मी बाहेरच्या बाकावर बसले. बुधवारी ते पणजीला गेलेले. मी बाकावर. आईला खरं सांगितलं नाही, उगाच काळजी करेल. ड्युटीवर जाते म्हणायची आणि निघायची. संध्याकाळी परत यायची तर तिची वेणी नीट घातलेली, पदर सारखा केलेला. सिस्टर किती चांगल्या आहेत, असं वाटायचं. पण ती वेणी मी घालायची होती.

गुरुवारी सहज आमच्या वॉर्डात डोकावले. बघते तर मॅडम स्वतः माझ्या खुर्चीत! माझ्या पेशंटांचे केसपेपर लिहितायत. साठीची बाई, विभागप्रमुख, रेसिडेंटच्या खुर्चीत कशाला बसेल? अर्थात माझ्या चुका शोधायला! पुरावे गोळा करतायत! मी तशीच बाकावर परत गेले आणि अर्जाला चौथं पान जोडलं.

शुक्रवारी डीननी अर्ज घेतला. वाचला नाही. शेरा मारला, विभागप्रमुखांमार्फत यावा. म्हणजे माझा बाँब फिरून मॅडमच्याच टेबलावर!

मॅडमनी बोलावलं. चारही पानं सावकाश वाचली. मग एक ओळ मोठ्याने: "'माझ्या आईजवळ बसण्याचा मला हक्क नाही का?'" कागद खाली ठेवला. "मग चार दिवस तू कुठे बसली होतीस?"

"डीनच्या ऑफिसबाहेर. बाकावर."

"मी रोज दहाला तुझ्या आईकडे जाते. ती म्हणते, चेडू पेज आणूक गेलां. मुलगी रोज पेजच आणतेय? मला वाटलं, किती जेवते ही बाई."

मग त्यांनी ड्युटी लिस्ट पुढे ओढली. खोडलेल्या माझ्या नावाशेजारी पेन्सिलीने बारीक दोन अक्षरं होती. मॅडमची सही. माझी ड्युटी त्या स्वतः करत होत्या.

"नाव खोडलं म्हणजे रजा मंजूर. कागद वर पाठवला तर पगार कापतात. इतकी वर्षं मी असंच भागवतेय, सगळ्यांना माहीत आहे. माझी आई नार्व्याला आजारी होती तेव्हा माझ्यासाठी पेन्सिल कुणी उचलली नव्हती."

जमीन दुभंगावी आणि मी बाकासकट आत जावं असं वाटलं. पण जीभ आहे ना माझी! ती म्हणाली, "पण मॅडम, पेन्सिलीचं पुसता येतं. तुम्ही रिटायर झाल्यावर काय?"

झालं, आता खरंच काढणार! मॅडमनी चारही पानं पुढे ओढली. मग पेन घेतलं. "सगळीकडे 'मी' आहे. ते काढ, 'आम्ही' कर. सगळ्यांच्या सह्या घे. पहिली माझी." आणि केली. "आता आईकडे जा. तुझी रजा आज संपते."

धावत गेले. आई डिस्चार्जची पिशवी भरून बसलेली.

"आई, मॅडमना रोज खोटं सांगितलंस?"

"तू ड्युटीर म्हणालंस, ती म्हणाली तुका रजा. काय तरी गडबड म्हणून मी सांगलंय पेज. तुझी नोकरी टिकूक नको?"

मी तिचे केस सोडले आणि वेणी घालायला बसले. तीन पेड, चार दिवसांचं प्रेम, सगळं एकदम. झाल्यावर आईने हात मागे नेऊन चाचपली.

"तुझी मॅडम बरी घालता," म्हणाली.

अर्ज वर गेला, खूप फिरला, आणि घरच्या आजारपणाला आठवडाभर भरपगारी रजा मिळाली. आता लिस्टीतलं नाव कुणी खोडत नाही. नावापुढे चक्क पेनाने लिहितात, 'रजा मंजूर'. आणि लिस्टीच्या तळाशी, दर महिन्याला, मॅडमच्या अक्षरात एक सूचना असते: 'रजेवरील डॉक्टरांनी डीनच्या बाकावर बसू नये.'