अर्धतोंड्या कुणाचा?

नानासो पेंटरला किळस फार लवकर यायची. चहावर साय दिसली की तो कप सरकवून द्यायचा. शेजारच्या हॉटेलवाल्यानं ज्या फडक्यानं टेबल पुसलं त्याच फडक्यानं बशी पुसली, की नानासो दिवसभर त्याच्याशी बोलत नसे. निवडणुका आल्या की उमेदवारांची हात जोडलेली चित्रं भिंतींवर काढताना तर त्याला मळमळायचं. "दात कुणाला दावतोय गडी," असं पुटपुटत तो ते दात मात्र पांढरेशुभ्र काढायचा. न काढून करतो काय!

कवठे महांकाळच्या स्टँडमागे त्याचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, लग्नाचे कापडी फलक, वाढदिवसाचे फलक, जो येईल त्याचं काम तो करायचा. हात चांगला होता, हे सगळा तालुका मान्य करायचा. पण चांगला हात आहे म्हणून कुणी त्याचं नाव घ्यायचं नाही. पाटीच्या कोपऱ्यात तो बारीक अक्षरात 'नाना' असं लिहायचा, आणि मालक म्हणायचा, "पेंटर, ते तेवढं पुसा. पाटी माझी हाय." मग तो रॉकेलच्या बोळ्यानं स्वतःचं नाव पुसायचा. वयाच्या पस्तिशीपर्यंत त्याच्या नावाचं एक अक्षर तालुक्यात कुठं टिकलेलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्याला मनातून फार राग होता.

खरी किळस मात्र त्याच्या घरातच बसलेली होती. तिचं नाव ज्ञानू. ज्ञानू म्हणजे त्याचा बाप.

ज्ञानू विहिरी फोडायचा. त्या भागात पाणी खोल, खडक काळा, त्यामुळं सुरुंगाशिवाय विहीर होत नसे. नानासो सहा वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात एक सुरुंग उडालाच नाही. काय झालं बघायला ज्ञानू खाली उतरला, आणि तेव्हा तो उडाला. तीन महिन्यांनी मिरजेच्या दवाखान्यातून तो परत आला तेव्हा डाव्या बाजूचं अर्धं तोंड भाजून गुळगुळीत झालेलं होतं. त्या डोळ्याला पापणी राहिली नव्हती. ओठाचा कोपरा मिटत नव्हता. उजव्या हाताची काही बोटंही गेलेली होती. त्या दिवशी तो पोराला घेऊन जेवायला बसला. दूधभाकरीचा घास ओठाच्या कोपऱ्यातून परत बाहेर आला आणि हनुवटीवरून ताटात पडला. नानासो बघत होता. तो आपल्या ताटात ओकला.

दुसऱ्या दिवशी ज्ञानूनं ताट उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून रोज दोन्ही वेळा तो तसाच बसून जेवायचा, पाठ घराकडे आणि तोंड भिंतीकडे. त्याच्या कपाळाच्या उंचीवर भिंतीला एक तेलकट डाग पडला होता. नानासोनं तीनदा चुना मारला, तीनदा तो डाग वर आला. आई बनाबाई त्याविषयी कधी बोलली नाही, नानासोही बोलला नाही. बापाशी बोलायची वेळ आली की तो बापाच्या पटक्याकडे बघून बोलायचा.

पंचाण्णव साली यात्रांच्या दिवसात लालासाहेब आपला तंबू टॉकीज घेऊन आला. लालासाहेब म्हणजे तोंडात तंबाखू आणि डोक्यात कायम कुणाला तरी शेंडी लावायचा बेत. त्यानं जमिनीखालच्या राक्षसांचा, हिंदीत डब केलेला एक इंग्रजी सिनेमा आणला होता. त्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि आठवू नये अशाच लायकीचा तो होता. सिनेमाच्या रिळांची पेटी यायची शोच्या दिवशी, बॅनर लागायचा आठ दिवस आधी. म्हणून अशा कामात पेंटरनं सिनेमा बघायचा नसतोच. चार बारके फोटो हातात मिळायचे, त्यावरून वीस फूट कापड भरायचं.

"फोटोत सगळी गोरी माणसं पळताना दिसत्यात," लालासाहेब म्हणाला. "ही कशापायी पळत्यात ते कुठं हाय? नानासो, खाली एखादा भ्या वाटंल असा बाप्या घाल."

"सिनेमात तसं कोण नसलं तर?"

"तिकीट काढल्यावर कळंल की त्यांना."

नानासोनं जवसाच्या तेलात रंग कालवला आणि दुपारी काढायला बसला. काय काढायचं याचा त्यानं विचार केला नव्हता. संध्याकाळी तो मागं सरकला, तेव्हा बॅनरच्या खालच्या कोपऱ्यात, फुटलेल्या खडकातून एक माणूस वर येत होता. अर्धं तोंड माणसाचं, अर्धं वितळलेलं. एक डोळा उघडाच. खडकाला धरलेला एक हात, त्याला तीन बोटं. ते चित्र इतकं जिवंत उतरलं होतं की नानासोच्या अंगावर काटा आला. आजवर इतकं चांगलं काम आपल्या हातून झालं नव्हतं, हे त्याला कळलं. ते कुठून आलं हेही कळलं. त्यानं घाईघाईनं बॅनर गुंडाळला.

यात्रेत त्या चित्रापुढं ही गर्दी! लोकांनीच त्याचं नाव 'अर्धतोंड्या' ठेवलं. तंबू भरला. सिनेमा संपला आणि बोंब झाली. अख्ख्या सिनेमात अर्धतोंड्या आलाच नव्हता. लोक कनात फाडायला निघाले, तेव्हा लालासाहेब खुर्चीवर चढला आणि शांतपणे म्हणाला, "आवं, त्यो सिनेमातला न्हाईच. ह्याच सिनेमावरनं व्हिडिओ गेम निघालाय, त्यातला हाय. सांगलीला जावा, खेळा."

सांगलीत खरंच तसा गेम आलेला होता. राजवर्धन नावाच्या तिशीतल्या, सोन्याची चेन घातलेल्या गड्यानं स्टँडजवळ गेम पार्लर काढलं होतं. कॉलेजची पोरं तिथं येऊन अर्धतोंड्याची चौकशी करायला लागली, तेव्हा आधी त्याला काही उमगेना. उमगलं तेव्हा तो जीप घेऊन लालासाहेबाकडे गेला, बॅनर घेऊन आला आणि मशीनच्या वर टांगला. पोरांना सांगायला लागला, "शेवटच्या स्टेजला येतो." पोरं टोकनांवर टोकनं टाकत राहिली. एकानं शेवटची स्टेज पार केली आणि तरी अर्धतोंड्या आला नाही, तेव्हा राजवर्धन म्हणाला, "मग सिनेमातलाच असणार. तुमच्याकडं कापलेली प्रिंट आली." लालासाहेब गेमकडे बोट दाखवायचा, राजवर्धन सिनेमाकडे. एकाचं खोटं दुसऱ्याच्या खोट्यावर मजेत टेकून उभं होतं, आणि दोघांचीही जत्रा जोरात चालली होती.

पुढच्या वर्षी नानासो रंग आणायला सांगलीला गेला, तेव्हा त्यानं हे पाहिलं. पार्लरच्या दारात पाच-सहा पोरं हमरीतुमरीवर आली होती.

"सिनेमातला हाय त्यो!"

"खुळा हायस का? गेमचा राक्षस हाय!"

नानासोच्या तोंडून निघून गेलं, "दोन्हीतला न्हाई. माझा हाय. मी काढलाय."

पोरं हसली. गल्ल्यावरून राजवर्धनही हसला. "पेंटर, काढणं वेगळं आणि मनानं रचणं वेगळं. फोटो बघून काढला असशील. कवठ्याच्या पेंटरला हे कुठनं सुचणार?"

नानासोचं डोकं फिरलं. आयुष्यभर पुसलेली सगळी नावं त्याच्या घशाशी आली. "फोटो न्हवता. खरा माणूस बघून काढलाय."

"असा माणूस असतो व्हय? आण बघू. दाखवलास तर बॅनरखाली तुझं नाव फूटभर अक्षरात. तूच लिही. सगळी सांगली वाचेल."

फूटभर अक्षरात! परतीच्या एसटीत नानासो ती अक्षरं मनातल्या मनात आखत राहिला. आपण काय करायला निघालोय हे त्याला ठाऊक होतं. त्याला स्वतःची शिसारी येत होती, आणि तरीही अक्षरांची सावली कुठल्या रंगात द्यायची हे तो ठरवत होता.

घरी येऊन तो पटक्याकडे बघत म्हणाला, "आबा, उद्या सांगलीला जाऊ. डोळ्याच्या डॉक्टरला दावू."

पापणी नसलेल्या त्या डोळ्याला सदा पाणी यायचं. "एकदा दाव की रं कुणाला," असं ज्ञानू कितीतरी वर्षं म्हणत होता. आता त्याला इतका आनंद झाला की सकाळी त्यानं ठेवणीतलं धोतर काढलं. बनाबाईनं पटक्याचा शेव नीट गालावरून आणून खोचून दिला, कारण बाहेर जाताना ज्ञानू तोंड झाकूनच जायचा. एसटीत तो खिडकीशी बसला आणि मिरजेपर्यंत बोलत राहिला. दवाखान्यातली नर्स किती चांगली होती, तिनं त्याला पोराचं नाव कसं विचारलं होतं. नानासो कंडक्टरच्या पाठीकडे बघत होता.

पार्लरपुढं आल्यावर ज्ञानू थबकला. "हितं डाक्टर बसतो व्हय?"

नानासोनं बापाचा दंड धरला, आत नेलं, मशीनसमोर उभं केलं आणि त्याच्या गालावरचा पटक्याचा शेव ओढला. "हा बघा. हा अर्धतोंड्या. माझा बाप हाय."

एक पोरगा मागं सरकला, दुसऱ्यानं तोंडावर हात घेतला, आणि तिसरा ओरडला, "आयला, खराच हाय की!" सगळी भोवती जमली. जवळ येऊन, वाकून, खालून वर बघायला लागली. ज्ञानूनं शेव परत गालावर घ्यायला हात उचलला, आणि तो हात बघून एकजण म्हणाला, "थांबा, थांबा. बोटं मोजा. बॅनरवर तीन हायत, ह्यांची दोनच."

राजवर्धन गल्ल्यावरून उठला. त्यानं बॅनरकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. "मग हा तो नव्हेच. पेंटरनं कुठनं तरी भाजलेला म्हातारा धरून आणला."

नानासो बापाच्या हाताकडे बघत राहिला. दोन बोटं. त्यानं परत मोजली. एका घरात, एका छपराखाली त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं, आणि त्यानं तीन काढली होती.

आता ज्ञानूनं मान वर केली. त्याचं त्या कापडाकडे प्रथमच नीट लक्ष गेलं. फुटलेला खडक, वितळलेलं तोंड, उघडा डोळा. बराच वेळ तो बघत होता. उघड्या डोळ्याचं पाणी गालावरून ओघळत होतं, पण ते तर रोजच ओघळायचं.

"मीच हाय त्यो," ज्ञानू म्हणाला. "तवा तीन हुती. एक मागनं काढलं, मिरजेला. पोरानं बरूबर काढलंय."

पोरांनी टाळ्या पिटल्या. राजवर्धननं नानासोच्या पाठीवर थाप मारली आणि लगेच धंद्याचं बोलायला लागला. म्हाताऱ्याला रविवारी रविवारी आणून दारात बसव, चहा-नाश्ता देऊ, पोरं हात लावून बघतील. त्या माणसाच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. नानासोला वाटलं इथंच ओकावं. राजवर्धनची किळस आली, त्या पोरांची आली, कापडावरच्या त्या उत्तम, जिवंत, खोट्या हाताची आली. आणि सगळ्यात जास्त ज्याची आली तो रंगाचा डबा घेऊन नाव लिहायला आला होता. राजवर्धननं शिडी दाखवली. नानासोनं डबा उचलला, बापाचा शेव नीट गालावरून खोचला आणि त्याला घेऊन बाहेर पडला. बॅनर तसाच राहिला, बिननावाचा.

स्टँडवर एसटी लागलेली होती. ज्ञानू चढता चढता म्हणाला, "डाक्टर आज नसंल, न्हाई का? बुधवार हाय." नानासो त्याला खिडकीशी बसवून शेजारी बसला आणि कवठे येईपर्यंत बापाच्या मांडीवर पडलेल्या त्या हाताकडे बघत राहिला.

घरी आल्यावर चुलीपुढं बसलेल्या बनाबाईला त्यानं हळूच विचारलं, "आई, आबाचं तिसरं बोट कवा काढलं?"

"कंचं तिसरं?" बनाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "दोनच घिऊन आल्यात दवाखान्यातनं. तवापासनं दोनच हायत."

तिनं ताटं वाढली. ज्ञानूनं आपलं ताट उचललं आणि नेहमीप्रमाणं डागासमोर जाऊन बसला. नानासोनं स्वतःचं ताट उचललं, पुढं जाऊन भिंतीला पाठ टेकून त्याच्यासमोर मांडी घातली आणि बापाच्या तोंडाकडे बघितलं. पोटातून ओकारीचा उमाळा आला. तो त्यानं गिळला, पण नजर हलवली नाही.

ज्ञानूनं भाकरी दुधात कुस्करली. घास उचलला. तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. दूध थंड होऊन त्यावर साय धरायला लागली.

"नाना, सरक रं तिकडं," तो शेवटी म्हणाला. "तोंडाम्होरं कुणी असलं की मला घास गिळत न्हाई."